दारातला लाजर आणि शेजाऱ्याची यादी

शास्त्रपाठ : लूक १६:१९-३१, मार्क १२:३८-४४



श्रीमंत मनुष्य व लाजर यांचा दाखला आपल्या मंडळ्यांत इतक्या वेळा वाचला जातो, की त्यातील एक गोष्ट कानांवर पडूनही आपण ती ऐकत नाही. तो श्रीमंत मनुष्य लाजराला ओळखीत होता. जिवंतपणी तो त्याच्याशी एक शब्द बोलला असे प्रभूने सांगितले नाही. परंतु अधोलोकात यातना भोगीत असता तो दृष्टी वर करितो, अब्राहामास हाक मारितो, आणि लाजराला पाठवावे अशी विनंती करितो. हे नाव त्यास कोणी सांगितले? अधोलोकात खास कोणी सांगितले नसेल. ते त्यास पूर्वीपासून ठाऊक होते. येता-जाता कानी पडले असेल, चाकरांच्या तोंडून ऐकले असेल. आणि नवल असे की, तेथेही तो लाजरास आपल्या कामासाठी धाडण्याजोगा गडी असेच समजतो.

या दाखल्यावर बोलताना आम्ही उपदेशक लोक पुष्कळ वेळा असे सांगतो की, त्या धनवानास दारातला लाजर दिसलाच नाही. आम्हीही असे सांगितले आहे. आता वाटते, ते पुरते बरोबर नव्हते. लाजर त्यास दिसत होता, त्याचे नावही ठाऊक होते. परंतु आपले मेज व त्याचा उंबरठा यांमध्ये केवढे अंतर आहे हे त्याने कधी मोजले नाही. ते अंतर त्यास प्रथम कळले तेव्हा त्याची दरी झाली होती, व तिच्यावरून कोणासही ये-जा करिता येत नव्हती.

हा विषय आज आम्ही का काढिला हे शेवटी सांगू. एका मंडळीत कापणीच्या सणास एक गोष्ट घडली, तीमुळे तो आमच्या मनात घोळत आहे. तत्पूर्वी थोडे दूरवर हिंडून यावे लागेल; वाचकांनी कंटाळू नये.

गरीब व श्रीमंत यांमधील विषमतेविषयी आज जगात पुष्कळ बोलले जाते. १७ सप्टेंबर २०११ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात, जेथे मोठमोठ्या पेढ्या आहेत त्या भागात, तरुण लोक एका बागेत तळ देऊन बसले, आणि शंभरांतील नव्याण्णव माणसे ती आम्हीच, असे म्हणू लागले. ऑक्टोबर २०१९ मध्ये दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या राजधानीत भुयारी आगगाडीचे भाडे ३० पेसो वाढले. रक्कम क्षुल्लक होती. परंतु त्यावरून लाखो लोक रस्त्यावर आले व सांगू लागले की, हे गाऱ्हाणे तीस पेसोंचे नसून तीस वर्षांचे आहे. ग्रंथ लिहिले जातात, विधिमंडळांत वादविवाद होतात. परंतु बोलणे पुष्कळ झाले म्हणजे पाहणे बरोबर झाले असे होत नाही.

अमेरिकेतील संयुक्त संस्थानांत २००५ साली पाच हजारांहून अधिक लोकांस एक प्रश्न विचारण्यात आला. देशातील सर्व घरे संपत्तीच्या क्रमाने उभी करावी, व त्यांचे पाच सारखे वाटे करावे. मग सर्वांत श्रीमंत अशा एका वाट्याकडे देशाच्या एकंदर मालमत्तेपैकी किती असेल? लोकांनी उत्तर दिले, शंभरांत सुमारे ५९ भाग. वस्तुतः त्या वेळी ते सुमारे ८४ भाग होते. किती असावे तुम्हांस वाटते, असे विचारिले तेव्हा उत्तर आले, सुमारे ३२. मायकेल नॉर्टन व डॅन एरिएली या दोघांनी ही माहिती २०११ साली प्रसिद्ध केली. त्या देशात पैशाविषयी जितके बोलतात तितके क्वचितच कोठे बोलत असतील. तरी आपल्याच घरातील धान्याच्या कणग्या कोणत्या खोलीत भरल्या आहेत हे त्यांस ठाऊक नव्हते.

अर्जेंटिना देशाच्या ब्युनोस आयरेस या राजधानीत व तिच्या आसपासच्या वस्तीत २००९ साली निराळ्या रीतीने विचारले गेले. तुमच्या घराहून कमी मिळकतीची घरे किती असतील, असा प्रश्न होता. गरीब लोक आपण आहोत त्याहून वरच्या पायरीवर आहोत असे सांगत. सधन लोक आपण आहोत त्याहून खालच्या पायरीवर आहोत असे सांगत. दोघांसही आपण मधल्या पायऱ्यांवर उभे आहोत असे वाटे. मग कित्येकांस त्यांची खरी पायरी सांगण्यात आली. ज्या गरिबांनी आपणांस उगाच वर मानिले होते त्यांना खरे कळल्यावर, गरिबांस सरकारने अधिक साह्य करावे असे ते पूर्वीपेक्षा अधिक म्हणू लागले.

आणखी एक पाहणी फार मोठी, सुमारे चाळीस देशांची आहे. समाजाची पाच चित्रे लोकांपुढे ठेविली होती. एका चित्रात थोडेसे लोक वर व बहुतेक सर्व तळाशी, एकात मधला भाग फुगीर, अशी ती होती. तुमचा देश यांपैकी कशासारखा आहे, असा प्रश्न होता. डोळे झाकून बोट ठेविले असते तरी पाच वेळांत एकदा बरोबर पडले असते. लोकांची खरी उत्तरे त्याहून थोडीशीच अधिक बरोबर आली. ज्या दोघा विद्वानांनी हे ताडून पाहिले त्यांस असेही आढळले की, गरीब व श्रीमंत यांच्यात तेढ आहे अशी लोकांची भावना खऱ्या विषमतेच्या मापाने वाढत नाही. ती मनातल्या विषमतेच्या मापाने वाढते. जे लोकांस दिसते असे वाटते, त्यावर ते रागावतात किंवा स्वस्थ बसतात.

हे असे का व्हावे? खेड्यात राहणाऱ्यास याचे उत्तर कोणी शिकवावयास नको. आपली दृष्टी शेजाऱ्याच्या ओसरीपर्यंत जाते. त्याच्या विहिरीला पाणी लागले, त्याच्या घरावर कौलांऐवजी पत्रे किंवा स्लॅब आला, त्याच्या मुलाला पुण्यास नोकरी लागली, हे आपण रात्री अंथरुणावर पडल्यावरही मोजीत असतो. ज्याच्या संपत्तीत आपला सारा तालुका बुडून जाईल अशा माणसाचे नाव वर्तमानपत्रात वाचून आपण पान उलटतो. अहाब राजाची गोष्ट आठवावी. सारे इस्राएल राज्य त्याचे होते. तरी त्याचा डोळा गुंतला तो वाड्याला लागून असलेल्या नाबोथाच्या एका द्राक्षमळ्यात, आणि तेवढ्यासाठी तो भाकर न खाता भिंतीकडे तोंड करून निजला. राजाची दृष्टीसुद्धा कुंपणापलीकडे गेली नाही. पुढे त्या कुंपणापायी नाबोथाचा प्राण गेला, हे आपणांस ठाऊक आहे.

तर मग कोणी म्हणेल, यावर उपाय सोपा आहे. सर्वांचे सर्व उघडे करावे. प्रत्येकाचे उत्पन्न गावासमोर वाचून दाखवावे, म्हणजे कोणीही भ्रमात राहणार नाही. हे खरोखर एका देशाने केले आहे, आणि तेथे काय झाले ते आपण नीट पाहिले पाहिजे.

तो देश नॉर्वे. युरोपच्या उत्तर टोकास आहे. वस्ती सारी मिळून ५५ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढी. (आपल्या देशातील संताळ लोकांत १८६७ साली काम आरंभिणाऱ्या मिशनऱ्यांपैकी लार्स ओल्सेन स्क्रेफ्सरूड हा तेथलाच; तरुणपणी तुरुंगात राहून आलेला मनुष्य.) तेथे प्रत्येक करदात्याचे उत्पन्न, मालमत्ता व त्याने भरलेला कर यांची यादी लोकांस पाहू देण्याची चाल एकोणिसाव्या शतकापासून आहे. परंतु पूर्वी ती पाहावयाची तर कर कचेरीत स्वतः जावे लागे, व वर्षातील ठराविक दिवसांतच ती तेथे ठेवीत. म्हणून जाणारे थोडे. २००१ साली वर्तमानपत्रांनी ती सारी यादी इंटरनेटवर घातली. मग घरबसल्या, शेजाऱ्याचे नाव लिहिले की त्याची मिळकत पुढे येई. पाहणारा कोण हे त्या शेजाऱ्यास कळत नसे.

लोकांनी काय पाहिले असेल असे तुम्हांस वाटते? देशातील सर्वांत मोठ्या धनिकांची नावे काहींनी पाहिली. पण फार करून पाहिली ती शेजाऱ्यांची, भावाबहिणींची, शाळेत बरोबर शिकलेल्यांची, कामावरच्या सोबत्यांची, आणि जावयाची. गरीब घरच्या मुलांना शाळेत बापाच्या मिळकतीवरून चिडवितात अशा तक्रारी झाल्या. यात काही चांगलेही झाले, ते सांगितले पाहिजे. स्वतःचा धंदा करणाऱ्यांनी आपले उत्पन्न पूर्वीपेक्षा सुमारे तीन टक्के अधिक दाखविले असे तेथील एका अभ्यासात आढळले. शेजारी पाहतो आहे म्हटल्यावर लबाडी थोडी उणी झाली. परंतु रिकार्डो पेरेझ-त्रुग्लिया या अर्थशास्त्रज्ञाने त्या देशातील अनेक वर्षांची उत्तरे तपासून २०२० साली लिहिले की, यादी उघडी झाल्यापासून श्रीमंतांचे सुख व गरिबांचे सुख यांतील अंतर २९ टक्क्यांनी वाढले. कोणाच्या ताटात एक घासही कमी-अधिक झाला नव्हता. फक्त प्रत्येकास आपली पायरी कळली, आणि आपली पायरी दुसऱ्यास कळली आहे हेही कळले. वरच्यास बरे वाटले. खालच्याची मान आणखी खाली गेली.

पुढे २०१४ साली सरकारने एक लहानसा नियम केला. यादी उघडीच ठेविली. परंतु तुमचे नाव कोणी पाहिले हे तुम्हांसही कळेल असे केले. तेव्हा पाहणारे एकदम सुमारे एक दशांशावर आले. ही गोष्ट वाचून आम्ही बराच वेळ स्वस्थ बसलो. दहा जणांतील नऊ जण असे काहीतरी पाहात होते की, ज्याचे पाहतो त्याच्यासमोर ते पाहण्याची त्यांस लाज वाटे.

शेजारच्या फिनलंड देशातही नोव्हेंबराच्या आरंभी अधिक मिळकतीच्या लोकांचे आकडे प्रसिद्ध होतात, व त्या दिवसास लोक थट्टेने हेव्याचा दिवस म्हणतात. थट्टा खरी, पण दहाव्या आज्ञेची आठवण करून देणारी आहे.

आता यावरून कोणी असे अनुमान काढील की, झाकून ठेवणे हेच बरे. प्रत्येकाने आपापल्या भाकरीवर समाधान मानावे, व कोणाची विषमता कोणी काढू नये. असा उपदेश सधन लोकांस फार आवडतो, आणि खेद वाटतो की, आमच्या व्यासपीठांवरूनही तो पुष्कळ वेळा झाला आहे. म्हणून दुसरी गोष्ट सांगतो. ती आपल्याच देशातली आहे.

राजस्थानातील कोरड्या मुलखात दुष्काळी कामांवर जाणाऱ्या मजुरांस ठरलेली मजुरी पूर्ण मिळत नसे. विचारिले तर हजेरीपट दाखवीत नसत; ते सरकारी कागद, ते गुप्त, असे सांगत. १९९० साली तेथे मजदूर किसान शक्ती संघटन या नावाने लोक एकत्र झाले. त्यांनी २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोटकिराना गावी उघड्यावर सभा भरविली, आणि मिळालेले सरकारी कागद मोठ्याने वाचले. पुढे अशा सभा गावोगाव झाल्या. अमक्याने इतके दिवस खडी फोडली, इतके रुपये घेतले, असे वाचावे. आणि सभेतून तोच मनुष्य उठून म्हणे, मी त्या कामावर कधी गेलोच नाही. कोठे मेलेल्या माणसांची नावे हजेरीवर निघत. कोठे कागदावर बांधलेली भिंत गावात शोधून सापडत नसे. ज्यांस अक्षर वाचता येत नव्हते त्या बायाबापड्या साक्ष देऊ लागल्या. त्या खटपटीचा शेवट २००५ सालच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात झाला, व तो जवळजवळ साऱ्या देशास लागू झाला.

नॉर्वेतही यादी वाचली गेली, राजस्थानातही यादी वाचली गेली. पण एके ठिकाणी शेजाऱ्याची मूठ उघडली गेली, आणि दुसऱ्या ठिकाणी ज्याच्या हाती सर्वांचे पैसे होते त्याची मूठ उघडली गेली. एके ठिकाणी वाचणारा एकटा होता, अंधारात होता. दुसऱ्या ठिकाणी ज्याचे नाव वाचले तो समोर बसला होता व उठून उत्तर देत होता.

येथे एक गोष्ट उपदेशक बंधूंस विशेष सांगावयाची आहे. विषमतेविषयी उघड बोलणाऱ्याने तराजू खरा धरिला पाहिजे. खोट्या वजनांचा परमेश्वरास वीट आहे, आणि गरिबांच्या बाजूने वापरिले म्हणून खोटे वजन खरे होत नाही. दर वर्षी जानेवारीत स्वित्झर्लंडातील दावोस गावी धनवान व अधिकारी लोकांची परिषद भरते. त्या सुमारास ऑक्सफॅम ही संस्था विषमतेचे आकडे प्रसिद्ध करिते. २०१६ साली तिने सांगितले की, जगातील गरीब अर्ध्या लोकांकडे मिळून जेवढी मालमत्ता आहे तेवढी ६२ माणसांकडे आहे. २०१७ साली सांगितले की, तेवढी ८ माणसांकडे आहे. हे ऐकून कोणी उपदेशात म्हणेल, एका वर्षात बासष्टांची आठ झाली! परंतु तसे नव्हते. मधल्या काळात हिंदुस्थान व चीन येथील गरिबांच्या मालमत्तेची अधिक चांगली माहिती हाती आली होती. ती आधी असती तर आदल्या वर्षीचा आकडाही ९ आला असता, असे त्या संस्थेनेच सांगितले. शिवाय या मोजणीत कर्ज वजा करितात, त्यामुळे शिक्षणासाठी कर्ज काढलेला अमेरिकेतील नवा डॉक्टरही जगातील अतिगरिबांत मोजला जाऊ शकतो. आपल्या देशाविषयी २०२४ साली काही विद्वानांनी हिशोब मांडिला की, २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचे २२.६ टक्के व मालमत्तेचे ४०.१ टक्के होते. आणि त्याबरोबरच येथील माहिती फार अपुरी आहे हेही त्यांनी स्पष्ट लिहिले. सांगावयाचे तर दोन्ही सांगावे. अर्धा आकडा ऐकून मंडळी हळहळते, व दुसऱ्या दिवशी तो खोटा ठरला म्हणजे आमोस संदेष्ट्याचे खरे बोलणेही तिला खोटे वाटू लागते.

आता मंदिरातील त्या प्रसंगाकडे या. प्रभू द्रव्यभांडारासमोर बसला व लोक त्यात पैसे कसे टाकितात हे पाहू लागला. धनवानांनी पुष्कळ टाकिले. एका गरीब विधवेने दोन टोल्या टाकिल्या. हा पाठ आपण वर्गणीच्या वेळी हमखास वाचितो, आणि येथूनच आरंभ करितो. परंतु मार्काने तो जेथे ठेविला आहे तेथे त्याच्या लगेच वर काय आहे ते पाहा. शास्त्री लोक लांब झगे घालून मिरवितात, पहिली आसने धरितात, आणि विधवांची घरे गिळून टाकितात, असे प्रभू बोलला. व हे तो लोकांच्या मोठ्या समुदायापुढे बोलला. विधवेच्या दोन टोल्यांविषयी मात्र त्याने शिष्यांस जवळ बोलाविले, मग सांगितले. तिला उभे केले नाही. तिचे नाव आजपर्यंत कोणास ठाऊक नाही. घर गिळणाऱ्याचे कृत्य चारचौघांत उघडे केले, आणि जिचे घर गिळले गेले तिचे दान हळू आवाजात, जवळच्यांच्या कानी घातले. तिच्या दानाचे मोल त्याने ती किती टाकिते यावर ठरविले नाही. मागे घरी किती उरले हे त्याने पाहिले. ते कोणत्याही यादीत लिहिलेले नसते.

पौलाचीही रीत पाहावी. यरुशलेमातील गरीब पवित्र जनांसाठी वर्गणी गोळा करिताना त्याने करिंथकरांस लिहिले की, हेतु एकास सुख व दुसऱ्यास ओझे असा नाही, तर समता व्हावी हा आहे. आणि रानातील मान्न्याचे उदाहरण दिले. मासेदोनियातील मंडळ्या अति दारिद्र्यात असून उदार झाल्या हे त्याने मोकळेपणी सांगितले. परंतु मंडळ्यांची नावे घेतली. अमक्याने किती व तमक्याने किती हे लिहिले नाही. आणि पैसा नेण्यासाठी तिताबरोबर आणखी बंधू दिले, ते अशासाठी की, एवढ्या मोठ्या रकमेच्या व्यवस्थेत आपल्यावर कोणी दोष ठेवू नये. देणारा झाकला, नेणारा उघडा ठेविला.

आता ती मंडळीची गोष्ट.

मागील एका कापणीच्या सणास आम्ही एका खेड्यातील मंडळीत गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही. उपासना चांगली झाली. ज्वारीची पोती, भोपळे, दोन कोंबड्या, अंड्यांची टोपली, असे सर्व वेदीपुढे मांडिले होते, व लिलावात मुलांनी मोठी गंमत केली. मग सेक्रेटरींनी वर्गणीची यादी वाचली. ती वाचण्याची चाल तेथे फार वर्षांची आहे. सर्वांत वर शहरात नोकरीस असलेल्या एका तरुणाचे पाच हजार. मग पेन्शनीत निघालेल्या मास्तरांचे दोन हजार. असे उतरत उतरत यादी तळाशी आली. तळाशी एका विधवेचे वीस रुपये होते. तिचे वय साठीच्या पुढचे, दुसऱ्याच्या शेतात खुरपणीस जाते. कोणाच्या मनात काही वाईट नव्हते, हे आम्ही साक्ष ठेवून सांगतो. पुढचे तीन रविवार ती देवळात आली नाही.

तेथील उपदेशक तिच्याकडे गेले. ते म्हणाले, "मावशी, प्रकृती बरी नाही का? कोणी काही बोलले का?"

ती म्हणाली, "मला कुणी काही बोललं नाही, मास्तर. पण माझं नाव शेवटाला आलं, आणि ते वाचताना सेक्रेटरीचा आवाज हळू झाला. त्यांनी दया केली माझ्यावर. ती मला सोसली नाही."

उपदेशकांनी हे पंचांपुढे ठेविले. त्या बैठकीस आम्हीही बसलो होतो. एक वडील पंच म्हणाले की, यादी वाचणे बंद केले तर वर्गणी निम्म्यावर येईल. माणूस नावासाठी देतो, हे आपण जाणतो, मग उगाच देवदूतांची मंडळी असल्यासारखे का बोलावे? हे बोलणे सोडून देण्याजोगे नाही. नॉर्वेतील व्यापाऱ्यांनीही शेजारी पाहतो म्हणूनच खरे आकडे दिले. दुसरे म्हणाले की, ज्याने खरोखर मोठा त्याग केला त्याचे नाव घेण्यात पाप काय? यावर बराच वेळ गेला. तेव्हा एका तरुणाने, जो सहसा बोलत नाही, विचारिले की, गेल्या दहा वर्षांत दिलेल्यांची नावे दर वर्षी वाचली. खर्च काय झाला हे एकदा तरी वाचले का? छपराच्या दुरुस्तीस किती गेले, उपदेशकांचा पगार किती महिने थकला, विहिरीच्या पंपाचे पैसे कोणाकडे आहेत?

कोणी काही बोलले नाही. वहीत सर्व लिहिलेले होते, आणि लबाडी झाली होती असे आम्हांस वाटत नाही. परंतु ती वही कोणी मंडळीपुढे उघडली नव्हती. विधवेचे वीस रुपये साऱ्या गावास ठाऊक होते. छपराचे सत्तावीस हजार चौघांस.

शेवटी असे ठरले की, एक वर्ष करून पाहावे. येत्या सणास एकंदर जमा किती झाली तेवढे सांगावे, देणाऱ्यांची नावे वाचू नयेत; ज्यास आपली नोंद पाहावयाची आहे त्याने सेक्रेटरींकडे जाऊन पाहावी. खर्चाचा हिशोब मात्र बाबवार वाचावा, एक प्रत देवळाच्या दारावर लावावी, व मंडळीतील कोणीही, बाईमाणसानेसुद्धा, उठून विचारावे. वडील पंचांनी संमती दिली, पण मनापासून दिली नाही. वर्गणी घटली तर पुढच्या वर्षी मी हा प्रश्न पुन्हा काढीन असे त्यांनी बैठकीच्या वहीत लिहवून घेतले. ते योग्यच केले.

ती विधवा आता येते. पूर्वी जेथे बसत असे तेथेच, खांबाजवळ, बसते. त्या मंडळीचा कापणीचा सण दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी आहे. वर्गणी किती जमली व हिशोब ऐकून लोकांनी काय विचारिले, ते कळविण्याचे उपदेशकांनी कबूल केले आहे. ज्या इतर मंडळ्यांत यादी वाचण्याची चाल आहे, किंवा असून मोडली आहे, त्यांच्या पंचांनीही आपला अनुभव आम्हांकडे लिहून धाडावा.